डेटा सायन्सच्या पहिल्या प्रकल्पात फोल्डर कसे लावायचे: विश्वामित्रीच्या पाण्याचं उदाहरण घेऊन

प्रकल्पातली कुठलीही फाइल समोर घ्या आणि तिला एक प्रश्न विचारा: ही आत्ता उडाली, तर पुन्हा बनवता येईल का? उत्तरं तीनच निघतात. ‘नाही, ती बाहेरून आली आहे, परत मिळेलच असं नाही.’ ‘नाही, ती मी हातानं लिहिली आहे.’ किंवा ‘हो, कोड चालवला की दोन मिनिटांत परत तयार.’ फोल्डरांची सगळी मांडणी या तीन उत्तरांवर उभी असते. कुठल्या फोल्डरला काय नाव द्यायचं हा त्यानंतरचा आणि त्या मानाने किरकोळ भाग आहे.

बडोद्यात डेटा सायन्स शिकणारी बरीच मराठी मुलं-मुली माझ्या ओळखीची आहेत. कुणी एम. एस. युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र करतंय, कुणी नोकरी सांभाळून रात्री ऑनलाइन कोर्स. मॉडेल चालवायला सगळे पटकन शिकतात. अडतं ते पुढे, जेव्हा स्वतःचाच प्रकल्प महिन्याभराने उघडला की ‘पाणी_नवीन’ आणि ‘पाणी_नवीन - कॉपी’ यांतली खरी कोणती ते सांगता येत नाही. कोर्समध्ये हा भाग बहुतेक वगळलेला असतो, कारण तिथे डेटा आधीच धुऊन-पुसून दिलेला असतो.

उदाहरण विश्वामित्रीचं, म्हणजे बडोद्यातून वाहणाऱ्या नदीचं घेऊ. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २६ फुटांची. पावसाळ्यात शहराच्या वरच्या बाजूच्या आजवा सरोवराची पातळी आणि शहरातल्या काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी, हे दोन आकडे घरोघरी व्हॉट्सॲपवर फिरत असतात. आपला प्रश्न असा: वरच्या भागातला पाऊस आणि आजव्याची पातळी ठाऊक असेल, तर शहरातली पातळी काही तास आधी सांगता येईल का? हा शिकण्यासाठीचा प्रकल्प आहे. सामान वरच्या मजल्यावर न्यायचं की नाही, हे महापालिकेच्या सूचनेवरून ठरवा, आपल्या मॉडेलवरून नको.

एक सूचना आधीच देते. खाली फोल्डर आणि फाइलींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं वापरून टाइप करा.

पायरी १: जागा आणि नाव

प्रकल्पाचा मुख्य फोल्डर डेस्कटॉपवर करू नका. विंडोजमध्ये डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हशी जोडलेला असतो. तुम्ही काम करत असताना तो मागून फाइली वर-खाली पाठवत राहतो, आणि गिटच्या (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, पायरी ७ बघा) आतल्या फाइलींशी त्याचं जमत नाही. सरळ ‘प्रोजेक्ट्स’ नावाचा एक फोल्डर ड्राइव्हच्या वरच्या पातळीवर करा आणि त्यात ‘विश्वामित्री-लेव्हल’. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची लांबी साधारण २६० अक्षरांपलीकडे गेली की काही प्रोग्रॅम अडतात. त्यामुळे फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं आठ मजली बांधकाम नको.

नावात रिकामी जागा नको, कंस नको. छोट्या अक्षरांचा आग्रह एवढ्यासाठी की विंडोजला ‘डेटा’ची मोठी आणि छोटी स्पेलिंगं एकच वाटतात, लिनक्सला ती दोन वेगळी वाटतात. तुमच्या लॅपटॉपवर चाललेला कोड सर्व्हरवर ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो तेव्हा कित्येकदा कारण एवढंच असतं.

पायरी २: सांगाडा

स्वतःची नवी रचना शोधून काढायचा मोह सगळ्यांना होतो. त्यावर बडोद्याचाच दाखला आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. त्याने संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला सुरुवात केली. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आजही त्या काळाची कल्पना येते. पुस्तकांसाठी त्याने वर्गीकरणाची स्वतःची पद्धतही बनवली. ती बडोदा संस्थानात वापरली गेली, बाहेर फारशी गेली नाही. बाहेरून आलेल्या माणसाला ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाची १८७६ ची वर्गीकरणाची पद्धत आधीच माहीत असे, आणि तिथेच गोष्ट संपते. तुमच्या प्रकल्पातही पुढे कुणीतरी नवा माणूस येणार आहे. त्याने दुसरीकडे पाहिलेली रचनाच तुम्ही ठेवलीत, तर त्याला समजावत बसावं लागत नाही.

डेटा सायन्समध्ये बऱ्याच जणांनी पाहिलेली अशी एक रचना आहे. ड्रिव्हनडेटा या संस्थेने तयार केलेला ‘कुकीकटर डेटा सायन्स’ हा साचा. खालचा सांगाडा त्याचाच थोडा आटोपशीर अवतार आहे:

विश्वामित्री-लेव्हल
— डेटा: रॉ, एक्स्टर्नल, इंटरिम, प्रोसेस्ड
— नोटबुक्स
— एसआरसी (म्हणजे ‘सोर्स’, कोडच्या फाइली)
— मॉडेल्स
— रिपोर्ट्स: फिगर्स
— रेफरन्सेस
— रीडमी (प्रकल्पाची ओळख), रिक्वायरमेंट्स (पॅकेजांची यादी), गिटइग्नोअर (गिटने काय वगळायचं त्याची यादी)

आता सुरुवातीचा प्रश्न यांना लावून बघा. ‘रॉ’ आणि ‘एक्स्टर्नल’ बाहेरून आलेलं. ‘नोटबुक्स’, ‘एसआरसी’, ‘रेफरन्सेस’ आणि ‘रीडमी’ हातानं लिहिलेलं. ‘इंटरिम’, ‘प्रोसेस्ड’, ‘मॉडेल्स’, ‘फिगर्स’ हे मशीनने बनवलेलं. म्हणजे ते कधीही पुसता आलं पाहिजे, आणि पुसताना छातीत धस्स होता कामा नये. धस्स झालं, तर समजा की त्यात हातानं केलेलं काहीतरी दडलंय.

‘रॉ’ आणि ‘एक्स्टर्नल’मध्ये नवे लोक गोंधळतात. ज्याच्यावर प्रकल्प उभा आहे ते ‘रॉ’: पाऊस, आजवा, काळा घोडा. जोडीला घेतलेलं ते ‘एक्स्टर्नल’: वॉर्डांचे नकाशे, सणांच्या तारखा वगैरे. नक्की ठरत नसेल तर ‘रॉ’मध्ये टाका आणि पुढे चला, एवढ्यासाठी संध्याकाळ घालवू नका.

कॉलेजच्या एका असाइनमेंटसाठी एवढं सगळं लागत नाही. तिथे ‘रॉ’, ‘एसआरसी’ आणि ‘आउटपुट’ असे तीन फोल्डर पुरतात. रिकामे फोल्डर शोभेला ठेवण्यात अर्थ नाही.

पायरी ३: कच्चा डेटा, आणि त्याला हात न लावणं

इथे जरा थांबू, कारण बहुतेक घोळ इथेच होतात.

‘रॉ’चा नियम एकच आहे: फाइल आली तशी ठेवायची. कॉलमचं नाव विचित्र असेल, असू दे. मधे दोन रिकाम्या ओळी असतील, असू देत. स्पेलिंग चुकलेलं असेल, तेही राहू दे. सुधारायचं ते कोडने, आणि सुधारलेलं जाणार दुसऱ्या फोल्डरात. फाइल ठेवली की लगेच तिच्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’ची खूण करा. कुलूप काही भक्कम नाही, पण चुकून सेव्ह होण्यापासून वाचवतं.

‘पण ताई, मी फक्त उघडून बघितली, बदल काहीच केला नाही’, हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये उघडली आणि बंद करताना सवयीने ‘सेव्ह’ दाबलं, की बदल झालेला असतो. आजव्याच्या फाइलीत तारीख ०१/०८/२०२४ अशी आहे, म्हणजे १ ऑगस्ट. लॅपटॉपची प्रादेशिक सेटिंग अमेरिकन असेल (नव्या लॅपटॉपवर ती तशी सापडते), तर एक्सेल तिला ८ जानेवारी समजतं. १२ ऑगस्टपर्यंत असंच चालतं. १३/०८/२०२४ आली की तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवतं. म्हणजे प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरले गेले आणि उरलेले तारीखच राहिले नाहीत. मॉडेल यावरही चालतं, तक्रार करत नाही. फक्त पावसाळ्यातलं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत दिसायला लागतं.

फाइल नुसती बघायची असेल तर व्हीएस कोडमध्ये किंवा नोटपॅडमध्ये बघा. आणि कोडमध्ये वाचताना तारखेचा नमुना स्वतः सांगा: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. पांडाजला (पायथनमधलं तक्ते हाताळायचं पॅकेज) अंदाज करायला लावू नका.

एक्सेलचा आणखी एक जुना स्वभाव म्हणजे ओळींची मर्यादा. जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळी मावतात, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या सुमारे १६,००० रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. जुन्या प्रकारच्या फाइलीत त्या ओळी मावल्या नव्हत्या. दर तासाला एक याप्रमाणे नदीची पातळी नोंदवली तर वर्षाच्या ८,७६० ओळी होतात. म्हणजे आठ वर्षांचा डेटा जुन्या एक्सेलच्या काठावरून बाहेर सांडतो.

आता एककं. वर्तमानपत्रात पाऊस इंचांत, हवामान खात्याकडून मिलिमीटरमध्ये. काळा घोड्याची पातळी फुटांत, पण कुणीतरी गोळा करून दिलेल्या फाइलीत ती मीटरमध्येही असू शकते. दोन्ही फाइलींत कॉलमचं नाव ‘लेव्हल’च. धोक्याची रेघ २६ वर काढली आणि आकडे मीटरचे निघाले, तर आलेखात विश्वामित्री कधीच धोक्याच्या जवळपास दिसणार नाही. २६ फूट म्हणजे ७.९२ मीटर, आणि ऑगस्ट २०२४ चा पूर मीटरमध्ये साधारण १०.७. आलेख दिसायला अगदी व्यवस्थित, आणि साफ खोटा.

वेळेचंही तसंच. हवामान खात्याचा दैनंदिन पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. म्हणजे २७ तारखेच्या नावाने लिहिलेला पाऊस बहुतांशी २६ तारखेला पडलेला असतो. हे माहीत नसेल तर मॉडेल म्हणेल, पाणी आधी चढलं आणि पाऊस मागून आला.

ही माहिती डेटाच्या फाइलीत नसते. म्हणून ‘रेफरन्सेस’ फोल्डरात एक साधी मजकूर-फाइल करा, ‘डेटा-नोंद’ म्हणा. ‘रॉ’मधल्या प्रत्येक फाइलीसाठी तिच्यात चार गोष्टी लिहा: कुठून आली, कुठल्या तारखेला उतरवली, प्रत्येक कॉलमचं एकक काय, आणि दिवस कधी सुरू होतो. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्या दिवशी फाइल आली त्याच दिवशी ते करा, कारण आठवड्याने कुणाकडून आली तेही आठवत नाही.

फाइलींची नावं देताना तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा: ‘२०२४-०८-३१_आजवा’. म्हणजे नावाप्रमाणे लावल्या की आपोआप काळाप्रमाणे लागतात. मूळ फाइलचं नाव ‘डाउनलोड (७)’ असेल तर ते बदलायला हरकत नाही. आतलं काही बदलू नका एवढंच.

पायरी ४: मधला आणि तयार डेटा

‘इंटरिम’मध्ये अर्धवट झालेलं काम: तारखा सरळ केल्या, फुटांचं मीटर केलं, पण तिन्ही फाइली अजून वेगळ्या आहेत. ‘प्रोसेस्ड’मध्ये जोडलेला अंतिम तक्ता, जो थेट मॉडेलला जातो. पाणी एकाच दिशेने वाहतं: रॉ, मग इंटरिम, मग प्रोसेस्ड. उलट कधीच नाही. प्रोसेस्ड वाचून रॉमध्ये काही लिहिणारी एकही ओळ कोडमध्ये नसावी.

मग हातानं सुधारायचं असेल तर? याचं उत्तर बऱ्याच मार्गदर्शकांत सापडत नाही. समजा, काळा घोड्याच्या नोंदीत एके ठिकाणी २७ फुटांच्या जागी २७० लागलंय. चूक उघड आहे. एका धाकट्या मित्राने मला विचारलं होतं, ‘ताई, प्रोसेस्डमधली ती एकच ओळ एक्सेलमध्ये बदलली तर काय बिघडतं?’ बिघडतं हे, की पुढच्या वेळी कोड चालवल्यावर २७० परत येतं, आणि तू ते बदललं होतंस हे कुणाला कळतही नाही.

त्यापेक्षा ‘रेफरन्सेस’मध्ये ‘दुरुस्त्या’ नावाची एक छोटी सीएसव्ही ठेवा. पाच कॉलम: कोणती फाइल, कोणती तारीख-वेळ, जुना आकडा, नवा आकडा, कारण. साफसफाईचा कोड ही फाइल वाचतो आणि बदल लावतो. कारणाच्या रकान्यात ‘चुकीचं वाटलं’ असं लिहू नका. ‘आधीच्या तासाला २६.५, नंतरच्या तासाला २७.२, शून्य जास्तीचं’ असं लिहा. उद्या मार्गदर्शकांनी विचारलं की आकडे का बदलले, तर उत्तर फाइलीत तयार असतं.

पायरी ५: नोटबुक आणि कोड वेगळे

ज्युपिटर नोटबुक, म्हणजे कोड छोट्या खान्यांत लिहून लगेच खाली निकाल दाखवणारी फाइल, विचार करायला उत्तम आहे. आलेख काढा, बघा, पुसा, परत काढा. पण प्रकल्पाची मुख्य वाट नोटबुकमधून जाऊ नये. कारण खाने वर-खाली चालवता येतात. तिसऱ्या खान्यात फुटांचं मीटर केलंत, तो खाना चुकून दोनदा चालला, तर आकडे दोनदा भागले जातात आणि पडद्यावर तसं काहीच दिसत नाही. नोटबुक बंद करून उघडल्यावर निकाल वेगळा येतो, आणि मग आपण मॉडेलला दोष देत बसतो.

म्हणून सवय लावा: कुठलंही नोटबुक दुसऱ्याला दाखवण्याआधी ‘रीस्टार्ट अँड रन ऑल’. वरून खालपर्यंत विनातक्रार चाललं तरच ते खरं.

नोटबुकच्या नावात क्रमांक, तुमची आद्याक्षरं आणि विषय: ‘०१-व्हीके-पाऊस-ओळख’, ‘०२-व्हीके-आजवा-काळाघोडा’. आद्याक्षरांचा उपयोग गटात काम करताना कळतो. दुसऱ्याच्या नोटबुकमध्ये लिहायचं नाही, आपलं वेगळं करायचं. दोघांनी एकच नोटबुक बदललं की गिटमध्ये ते जोडणं फार त्रासाचं होतं, कारण आतून ती फाइल जेसन (मजकूर-फाइलीचा एक प्रकार) असते आणि आलेखांची चित्रंसुद्धा तिच्यातच कोंबलेली असतात. जमल्यास ‘एनबीस्ट्रिपआउट’ हे साधन बसवा. गिटमध्ये जाताना ते नोटबुकमधले निकाल काढून टाकतं, कोड तेवढा ठेवतं.

एखादा तुकडा नोटबुकमधून ‘एसआरसी’मध्ये कधी हलवायचा? माझा ठोकताळा सोपा आहे: तोच तुकडा दुसऱ्या नोटबुकमध्ये चिकटवायची वेळ आली, की हलवायचा. तारखा सरळ करण्याचं फंक्शन, फुटांचं मीटर करण्याचं फंक्शन, हे पहिल्याच आठवड्यात तिकडे जातात.

‘एसआरसी’मधल्या फाइलींना त्या काय करतात त्यावरून नाव द्या. एक फाइल कच्चा डेटा वाचून इंटरिम बनवते, दुसरी जोडून प्रोसेस्ड बनवते, तिसरी मॉडेल शिकवते, चौथी आलेख काढते. ‘युटिल्स’ नावाची फाइल करायचा मोह होईल. केलीत तरी महिन्याभरात तिची माळ्यावरची अडगळ होते, एवढं लक्षात असू द्या.

पायरी ६: पत्ते

कोडमध्ये ‘सी ड्राइव्ह, युझर्स, तुमचं नाव, डाउनलोड्स’ असा पूर्ण पत्ता लिहिलात तर तो कोड जगात एकाच लॅपटॉपवर चालतो. पायथनमध्ये फाइलींचे पत्ते हाताळणारं ‘पाथलिब’ आहे, ३.४ आवृत्तीपासून सोबतच येतं. ‘एसआरसी’मध्ये ‘कॉन्फिग’ नावाची एक फाइल करा. तिच्यात मुख्य फोल्डर एकदाच ठरवा, आणि ‘रॉ’, ‘इंटरिम’, ‘प्रोसेस्ड’ यांचे पत्ते त्याच्यापासून मोजा. बाकी सगळा कोड तिथूनच पत्ते घेईल. ‘आर’ ही भाषा वापरणाऱ्यांना ‘हिअर’ हे पॅकेज हेच काम करून देतं.

पायरी ७: गिट

मुख्य फोल्डरात टर्मिनलवर ‘गिट इनिट’ ही आज्ञा द्या आणि पहिल्या कमिटच्या (बदलांची गिटमध्ये नोंद) आधी गिटइग्नोअर फाइल (नावाची सुरुवात टिंबाने) लिहा. क्रम महत्त्वाचा आहे. एकदा मोठी फाइल कमिट झाली की नंतर पुसूनही ती इतिहासात बसून राहते, आणि १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब (गिटचे प्रकल्प ऑनलाइन ठेवायची जागा) घेतच नाही. मग तो इतिहास साफ करणं हे नवख्याला रडवणारं काम.

काय वगळायचं, हे सुरुवातीच्या प्रश्नानेच ठरतं. मशीनने बनवलेलं सगळं वगळा: इंटरिम, प्रोसेस्ड, मॉडेल्स. हातानं लिहिलेलं सगळं ठेवा, ‘दुरुस्त्या’ आणि ‘डेटा-नोंद’ धरून. ‘रॉ’ मोठं असेल तर गिटबाहेर ठेवा, पण मग त्याची एक प्रत दुसरीकडे हवीच: गूगल ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ‘रॉ’ लहान असेल, काही शे केबी, तर गिटमध्ये ठेवायला माझी हरकत नाही. पुस्तकी लोक नाक मुरडतील, मुरडू देत.

रिकामा फोल्डर गिट लक्षात ठेवत नाही. त्यात ‘गिटकीप’ नावाची रिकामी फाइल टाकायची रीत आहे. ते नाव कुठल्या नियमात नाही, नुसता प्रघात. फोल्डर गिटइग्नोअरमध्ये वगळला असेल तर त्या फाइलीला तिथे सूट द्यावी लागते.

दोन गोष्टी कधीच गिटमध्ये जाऊ नयेत. एक, पासवर्ड आणि एपीआयच्या किल्ल्या (ऑनलाइन सेवेतून डेटा घेताना लागणारे गुप्त संकेत). त्या टिंबाने सुरू होणाऱ्या ‘एनव्ही’ फाइलीत ठेवा आणि ती फाइल वगळा. दुसरी, माणसांची माहिती. समजा, पूर येऊन गेलेल्या घरांची पाहणी केलीत आणि तक्त्यात नावं, फोन नंबर, सोसायटीचे पत्ते आहेत. तो तक्ता गिटहबवरच्या सार्वजनिक रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फोल्डरात) टाकला तर तुमच्या शेजाऱ्यांचे नंबर जगासमोर गेले. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. अशा डेटात नाव-नंबर काढून क्रमांक लावायचा, आणि मूळ तक्ता गटातल्या एकाच जबाबदार माणसाकडे ठेवायचा.

पायरी ८: रीडमी आणि पॅकेजांची यादी

आभासी पर्यावरण, म्हणजे या प्रकल्पाची पॅकेजं वेगळी ठेवणारा फोल्डर, बनवा (पायथनचं ‘व्हेन्व’ पुरेसं आहे) आणि लागलेली पॅकेजं आवृत्तीसह रिक्वायरमेंट्स फाइलीत लिहून ठेवा. पर्यावरणाचा फोल्डर स्वतः गिटमध्ये जात नाही. तोही पुसून परत बनवता येतो.

रीडमीत निबंध नको. प्रकल्प कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय ते दोन ओळींत, डेटा कुठून आणायचा ते, आणि कुठल्या क्रमाने काय चालवायचं ते. क्रम सगळ्यात महत्त्वाचा. मेकफाइल (पायऱ्या क्रमाने चालवणारी फाइल) लिहिता येत असेल तर ‘मेक ऑल’ एवढ्यावर काम भागतं. येत नसेल तर ‘आधी ही फाइल, मग ती’ अशा चार ओळी पुरेत.

रीडमी मराठीत लिहिली तर चालते का, असं विचारतात. चालते, गिटहबवर देवनागरी व्यवस्थित दिसते. पण बडोद्यात तुमच्या गटात एखादी पटेल नाहीतर शाह मैत्रीण असतेच. तिला देवनागरी वाचता येते, पण लेखी मराठीत ती अडखळते. तेव्हा इंग्रजीत लिहा, आणि हवं तर खाली मराठी जोडा.

पायरी ९: साचा वापरून

वरचं सगळं एकदा हातानं केलं की पुढच्या प्रकल्पापासून साचा वापरा. ‘कुकीकटर-डेटा-सायन्स’ हे पॅकेज बसवा आणि टर्मिनलवर ‘सीसीडीएस’ ही आज्ञा द्या. प्रकल्पाचं नाव, तुमचं नाव, परवाना वगैरे विचारून ती पूर्ण सांगाडा उभा करते. पहिल्याच खेपेला तिच्याकडे धावू नका असं मी सांगते, कारण मग पंधरा फोल्डर समोर येतात आणि कशात काय टाकायचं याचा पत्ता नसतो. जे लागत नाहीत ते नंतर बिनधास्त काढा.

पायरी १०: पुसून बघा

आता परीक्षा. आधी सगळं कमिट करा. मग इंटरिम, प्रोसेस्ड, मॉडेल्स आणि फिगर्स यांच्यातलं सगळं पुसा. खरंच पुसा, कुठेतरी हलवून ठेवू नका. रीडमीत लिहिलेल्या क्रमाने सगळं चालवा. आलेख तेच आले, आकडे तेच आले, तर रचना बरोबर लागली. आकडे थोडे वेगळे आले तर बहुधा मॉडेल शिकवताना यादृच्छिक बीज (‘रँडम सीड’, ज्याने दर खेपेला तेच यादृच्छिक आकडे निघतात) ठरवायचं राहिलंय. ‘फाइल सापडली नाही’ असं आलं, तर कुठेतरी मधली एक पायरी तुम्ही नोटबुकमध्ये हातानं केली होती. ती शोधून ‘एसआरसी’मध्ये न्या.

हे जमलं की दुसऱ्याच्या लॅपटॉपवर करा. मैत्रिणीला गिटचा दुवा आणि ‘रॉ’ची प्रत द्या, आणि शेजारी बसून नुसतं बघा. तोंडातून एक शब्द काढायचा नाही, ही अट. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे रीडमीतली एक राहिलेली ओळ. शेव-उसळीचा खर्च तुमच्याकडे.

पुढच्या पावसाळ्यात नवा डेटा आला की ‘रॉ’मध्ये त्या वर्षाच्या नावाची नवी फाइल टाका. जुनी फाइल उघडून तिच्या खाली ओळी चिकटवू नका. डेटा-नोंदीत चार ओळी लिहा आणि सगळं परत चालवा.